घरगुती रेडिएशन मीटर: आठ महिने वापरून झाले, आता लिहितो

साडेसहा हजाराला ऑनलाइन घेतलं. आम्ही राजापूर तालुक्यातले, माडबन जवळच, जिथे सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प ठरलाय, त्यामुळे रेडिएशन हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवर पण निघतो आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून लोक मलाच विचारतात. म्हटलं आपण स्वतः मोजून बघू.

आत गायगर ट्यूब आहे, म्हणजे रेडिएशनचा कण आत शिरला की तो मोजणारी नळी; सुरू केलं की टिक टिक. पहिल्याच दिवशी आकडा तासाला ०.०८ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप), मग एकदम ०.१९, परत ०.११. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, वाढला की ओ!" वाढलं काहीच नव्हतं. मिनिटाला पंचवीसेक टिका पडतात आणि पंचवीसचं वर्गमूळ पाच, तेवढा फरक, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट, आपोआप पडतोच. तासभर हलवू नका, दीड हजार टिका होतात आणि फरक तीन टक्क्यांच्या आत येतो. विकत घेणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मी घाबरगुंडी कमी होईल.

ओटीवर सरासरी तासाला ०.१२ मायक्रोसिव्हर्ट येते. वर्षाचे ८७६० तास धरले की साधारण एक मिलिसिव्हर्ट (म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट), आणि हे प्रकल्प नसतानाचं, जमिनीतलं आणि आकाशातलं. अणुऊर्जा नियामक मंडळाची आपल्यासारख्यांसाठी मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्टच आहे, पण ती या नैसर्गिकच्या वरची. म्हणून आधीचे आकडे लिहून ठेवायला हवेत, नंतर तुलना कशाशी करणार? जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा ०.१५ झालं आणि दोन तासांत उतरलं. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून तयार झालेले कण पावसाबरोबर खाली येतात, त्यांचं आयुष्य मिनिटांचं.

माळ्यावर आजोबांची पेट्रोमॅक्सची पेटी होती, गणपतीत लावायचे. त्यातल्या पुडीतलं न जळलेलं जुनं मेंटल (ज्योतीची जाळी) वर्गात ट्यूबजवळ धरलं तर टिका मोजता येईनात इतक्या, सगळ्या एकात एक. थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो त्यात. वर्गातली मुलं एकदम गप्प झाली. नंतर सगळ्यांना हात धुवायला लावले.

तक्रार एकच पण मोठी. बॉक्समध्ये कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर बरोबर मोजतं का ते तपासल्याचा, कागद आला, त्यावर तारीख नाही, कोणत्या किरणोत्सारी सोर्सवर तपासलं ते नाही, नुसतं "पास". विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही. अशा कागदाला चाचणीचा निकाल म्हणत नाहीत.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. हे यंत्र भट्टी सुरक्षित आहे का ते सांगू शकत नाही. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तर याला दिसतच नाही, त्याचे कण ट्यूबच्या आत शिरत नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं, फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला आपल्याकडे येणार त्याच ईपीआर प्रकारची भट्टी आहे. तिथल्या इंधन ठेवायच्या पोलादी पात्राच्या झाकणासारख्याच एका झाकणाचे तुकडे काढून तपासले तर पोलादात कार्बन जास्तीत जास्त ०.२२ टक्के हवा तिथे ०.३० निघाला, म्हणजे पोलाद ठिसूळ, आणि तुकडा तोडायला किमान ६० जूल लागायला हवेत तिथे ३६ पर्यंत खाली आला. २०१५ मध्ये त्यांच्या नियामकाने हे जाहीर केलं, पुढे झाकण बदलायचं ठरलं. माझं मीटर त्या झाकणाला वर्षभर चिकटवून ठेवलं असतं तरी तिथला नेहमीचा नैसर्गिक आकडाच दाखवला असता, कारण तेव्हा आत इंधनच नव्हतं!

म्हणून गावच्या बैठकीत अधिकारी आले की "रेडिएशन किती?" एवढंच विचारून बसू नका. कुठली चाचणी, किती तुकड्यांवर, किमान किती हवं होतं, आलं किती, आणि कमी आलं तेव्हा काय केलं, हे विचारा आणि कागदावर मागा. "सगळं पास" हे उत्तर मी मीटरवाल्याकडून घेतलं नाही, तर भट्टीवाल्यांकडून का घ्यायचं?

घ्यायचं असेल तर जरूर घ्या, शाळांनी तर घ्याच. पावसात मीटरच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, माझ्या स्क्रीनच्या आतून ऑगस्टमध्ये वाफ धरली होती. रोज सकाळी सात ते आठ ओटीवर ठेवून वहीत आकडा लिहितो, आजचा ०.१२.