वेल्डचा थकवा मोजताना: एस-एन वक्र की तड्याची वाढ?

कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या पोरांना मी आधी एस-एन वक्रच शिकवतो. पुन्हा पुन्हा ताण येऊन वेल्ड तडकतो, तो त्याचा थकवा; किती ताणाला जोड किती आवर्तनं टिकतो, ते हा आलेख दाखवतो. जोडाचा प्रकार ठरवा, ताणाचा पल्ला (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातला फरक) काढा, वक्रावरून आवर्तनं वाचा. पल्ला दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं, हे त्यांना लगेच पटतं. नव्या डिझाइनला हीच पद्धत बरी.

पण समुद्रातल्या जुन्या प्लॅटफॉर्मवर तडा सापडला, की वक्र पुरत नाही. तिथे तडा आज किती मिलिमीटर, लाटांनी किती वाढेल, पुढची तपासणी कधी, हा भंगयांत्रिकीचा, म्हणजे तडा कसा वाढतो याच्या शास्त्राचा, हिशेब हवा. १९८० साली उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. सुरुवात ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डपाशी (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डपाशी) झाली होती. म्हणून तपासणीसाठी मी ही दुसरी, तड्याच्या वाढीची पद्धतच धरतो. मात्र तड्याची सुरुवातीची खोली चुकली, तर पुढचं सगळं गणित चुकतं.