पाटणच्या पावसात पंप-ॲक्शन बारा बोअर: एका पावसाळ्याचा अनुभव

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती राहायलाच हवी. माझा परवाना पीक संरक्षणाचा. भात-भुईमुगाच्या राखणीला बंदूक सोबत असते आणि डुकरांचा कळप हुसकायला बहुतेक वेळा एक बार पुरतो. डुकरावर नेम धरायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. गव्याचं तर नावच काढायचं नाही.

घरात वडिलांची दुनळी होतीच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून दुसरी घेताना फार विचार केला आणि बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप-ॲक्शन घेतली. हिच्यात नळीखालची मूठ मागे-पुढे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं भरतं. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, काडतुसं किती बसतात? आमच्याकडच्या पावसात तो प्रश्नच गौण आहे. झड लागली की आठ-आठ दिवस काही वाळत नाही. अशात बंदूक किती लवकर उघडून पुसता येते, हे बघा.

इथे पंप-ॲक्शन खरी उजवी ठरली. पुढची टोपी फिरवली की नळी हातात येते. ती उजेडाकडे धरून आरपार बघायची, गज फिरवायचा, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. चिखलाचा गोळा किंवा पाणी नळीत राहिलं आणि बार काढला तर नळी फुगते, फुटूही शकते. त्यामुळे बांधावर पाय घसरला की मी आधी बंदूक रिकामी करून नळी तपासतो, मग पुढे.

दस्ता प्लास्टिकचाच घ्या. लाकडी दस्ता दिसतो देखणा, पण पावसाळ्यात फुगतो. लोखंडाला चकचकीत निळसर झिलईपेक्षा खरखरीत काळपट लेप बरा, तेल धरून ठेवतो. तरीही स्क्रूच्या खाचांत आणि चापाच्या कडीखाली तांबूस गंज डोकावतोच. कापडी गवसणीत ठेवून देऊ नका, तिच्यातली ओल रात्रभर लोखंडाला चिकटून राहते. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली की त्याच संध्याकाळी नळी काढून बघतो.

पंप ओढताना हात आखडता घेतला की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि पुढचं अडकतं. ओल्या हाताने, अंधारात हे होऊ शकतं. दणकून मागे, दणकून पुढे, याची सवय घरी डमी काडतुसांवर करावी.

सुरक्षिततेत मात्र दुनळीच पुढे. बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, खांद्यावर टाकली की लांबूनही कळतं, रिकामी आहे. पंपची नळी रिकामी दिसली तरी खालच्या नळकांड्यात काडतूस असू शकतं. घरात शिरण्याआधी दोन्हीकडे बोट घालून बघायचं, मुलाबाळांच्या घरात यात सूट नाही.

काडतुसं प्लास्टिकची घ्या, कागदी ओलीने फुगून अडकतात. पंपला ७० मिलिमीटर लांबीची चालतात, पण काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरचीच असलेल्या जुन्या दुनळीत तीच घालू नका. आत सहज बसतात, मात्र बार झाल्यावर कवच पुढे उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. माझ्याकडे दोन्ही डबे वेगळ्या कपाटांत आहेत.

आणि कोयना अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर नवीन परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. दुकानात बंदूक बघायला जाण्याआधी तो अर्ज मार्गी लावा.