ताप उतरलाय, पाठवायचं की एक दिवस थांबायचं?

रात्री अंग तापलेलं, सकाळी मूल खेळतंय. आईबाबा दोघेही नोकरीवर असले की दोनच मार्ग उरतात. पॅरासिटामॉलचा डोस पाजून पाळणाघरात सोडायचं, नाहीतर औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही तरच पाठवायचं. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

पहिल्या मार्गाची बाजू लंगडी नाही. रजा वाचते, मूलही आजारी दिसत नाही. नुसती सर्दी असेल, शेंबूड हिरवा असला तरी, आणि मूल नीट खात-खेळत असेल तर मीही पाठवतो. नाहीतर सगळा पावसाळा घरीच जायचा. उवांसाठीही घरी ठेवायचं कारण नाही.

तापाचं मात्र तसं नाही. डोसचा असर चार-सहा तासांचा. सकाळी साडेआठला पाजलेलं औषध दुपारी नेमकं मुलांना झोपवायच्या वेळी उतरतं आणि फोन येतो, "अंग गरम लागतंय, घेऊन जा." मला नको झाला तो हा फोन. हातातलं काम टाकून निघायचं, ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि तोवर मूल तिथे कण्हत पडलेलं. वाचवलेली रजा अर्धी तरी जातेच. शिवाय सकाळच्या डोसबद्दल मावशींना बहुतेक जण सांगत नाहीत. मग त्या बिचाऱ्या त्याला बाकीच्या पोरांतच बसवतात, एकाच ताटलीतला खाऊ देतात.

दुसरा मार्ग महाग आहे, हे मान्य. घरात आजी नसेल तर फारच. केंद्र सरकारी नोकरीतल्या आयांना बालसंगोपन रजा तरी असते, खासगीत आपली साधी रजाच मोडावी लागते. आम्ही दिवस वाटून घेतो, सकाळ माझी, दुपार हिची. प्रत्येकाला ते जमेलच असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सोडून आल्यावर फोनकडे लक्ष लागत नाही, माझ्यासाठी तरी पारडं तिथेच झुकलं.

काही दुखण्यांत निवडीचा प्रश्नच नसतो. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच, उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास घरीच. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर तडक डॉक्टरांकडे.

आता आम्ही रात्री डोसचा असर सरल्यावर थर्मामीटर लावतो. ताप असेल तर ऑफिसला मेसेज तेव्हाच जातो. सकाळी चपला घालता घालता वाद होत नाही.