मालकाचा माग काढणारे संकेतस्थळ: ‘मीडिया ओनरशिप मॉनिटर’ची भारत आवृत्ती

२०२४ पर्यंत लागू असलेल्या, वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार आपली वृत्तपत्रे दर वर्षी मार्चच्या आरंभी ‘फॉर्म ४’ छापत आली. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेले भागधारक यांची नावे त्यात असतात. पण ही चौकट बारीक टाइपात कुठेतरी आत असते आणि भागधारक म्हणून आणखी एखाद्या कंपनीचेच नाव आले, की वाचकाचा शोध तिथेच खुंटतो. तो पुढे नेण्याचे काम ‘मीडिया ओनरशिप मॉनिटर’ करते. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प पुढे जर्मनीतील ‘ग्लोबल मीडिया रजिस्ट्री’कडे गेला, भारताची पाहणी दिल्लीच्या ‘डेटालीड्स’ या संस्थेच्या सहकार्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मांडणी ही या संकेतस्थळाची खरी जमेची बाजू. माध्यमावरून कंपनी, कंपनीवरून मूळ मालक आणि मालकावरून त्याचे कुटुंब, इतर उद्योग व राजकीय संबंध, अशी साखळी उलगडत जाते. यात गुपित काहीच नाही. ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबात खासदार आणि मंत्री झाले, ‘सकाळ’चे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. ओडिशातील ‘ओटीव्ही’ ही वाहिनी मात्र राजकारणी बैजयंत पांडा यांच्या कुटुंबाची आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? परराज्यातील वाहिनीची चित्रफीत भ्रमणध्वनीवर येऊन पोचते, तेव्हा अशा माहितीचा उपयोग कळतो.

नियमनाचा भाग त्यामानाने त्रोटक वाटतो, तरी वाचण्याजोगा आहे. वृत्तपत्र आणि वाहिनी एकाच मालकाकडे असण्यावर मर्यादा घालावी, अशा शिफारशी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००९ आणि २०१४ मध्ये केल्या, तसा कायदा अद्याप झालेला नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे रेडिओवरील वृत्तांचा मक्ता आकाशवाणीकडेच राहतो. मालकी खासगी असूनही सरकारचा हात कुठवर पोचतो, हे या एका नियमावरून जितके स्पष्ट होते तितके पानभर विवेचनाने होत नाही.

वापरताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पाहणी २०१९ ची आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘एनडीटीव्ही’ अदानी समूहाच्या ताब्यात गेली. म्हणून एखाद्या नावाचा आधार घेण्यापूर्वी कंपनीने शेअर बाजाराला दिलेली ताजी माहिती पडताळणे बरे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मालकाविषयी जितक्या खोलात माहिती मिळते, तितकी सरकारी जाहिरातींविषयी मिळत नाही. जिल्हा पातळीवरच्या लहान दैनिकाचा मालक कोण, हे गावाला माहीतच असते. त्याच्या पानांवरची सरकारी जाहिरात कधी वाढली आणि कोणत्या बातमीनंतर आटली, ते मात्र या संकेतस्थळावर शोधून सापडत नाही.