दामिनी ॲप : कांद्याच्या शेतात आणि द्राक्षबागेत वापरल्यानंतर

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारे मोफत ॲप आम्ही निफाड तालुक्यातील मळ्यावर काही हंगाम वापरत आहोत. शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते नेमके काय सांगते आणि काय सांगू शकत नाही हे समजून न घेता केवळ फोनमध्ये ठेवले, तर त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

नाशिककरांना आपत्ती म्हटले की आधी गोदावरीचा पूर आठवतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याची बातमी लगेच पसरते, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरून पुराचा अंदाज बांधला जातो आणि भांडीबाजार व सराफबाजारातील व्यापारी वेळेत माल हलवू शकतात. विजेच्या बाबतीत असा कोणताही मारुती उभा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला आणि त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींमध्ये सर्वाधिक बळी विजेनेच घेतले.

ॲपची रचना साधी आहे. नाव, मोबाइल क्रमांक अशी जुजबी माहिती भरून फोनचे लोकेशन सुरू ठेवले की नकाशावर आपल्याभोवतीचा २० आणि ४० किलोमीटरचा परिसर दिसतो आणि त्यात विजा होत असतील तर इशारा मिळतो. त्यामागे देशभर बसवलेल्या संवेदकांचे जाळे आहे. वीज चमकताना निर्माण होणाऱ्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि त्या फरकावरून वीज कुठे झाली हे ठरवले जाते. ढगातल्या ढगात होणाऱ्या विजा बहुधा जमिनीवर पडणाऱ्या विजेच्या काही मिनिटे आधी सुरू होतात, म्हणून सावध होण्यास थोडा अवधी मिळतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, वादळ दुरून चालत आले तर इशारा चांगला मिळतो; वळवाचा ढग आपल्याच डोक्यावर तयार झाला, तर पहिल्या विजेआधी ॲप गप्प असण्याची शक्यता राहते. नकाशा कोरा दिसतो म्हणून काळ्या ढगाखाली काम सुरू ठेवणे धोक्याचे आहे.

आमच्या भागात हा धोका नेमका कामाच्या ऐन दिवसांत येतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांद्याची काढणी आणि द्राक्षाची खरड छाटणी सुरू असते, तेव्हाच वळवाचा पाऊस येतो. ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी चालू असताना परतीचा पाऊस गडगडत येतो. आभाळ भरून आले की घरातली लहानथोर सगळी माणसे शेतात पडलेला कांदा ताडपत्रीने झाकायला धावतात, म्हणजे ज्या क्षणी उघड्या रानातून निघायला हवे त्याच क्षणी ती रानात शिरतात. दामिनीचा मला जाणवलेला सर्वांत मोठा फायदा इथे आहे. पूर्वी झाकायला जायचे की नाही हा वाद ढगाकडे बघत होत असे. आता ॲपने जवळ वीज दाखवली की कांदा आहे तसा सोडून घरात यायचे, हा नियम आम्ही हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवतो आणि मजुरांच्या टोळीच्या मुकादमालाही सांगतो. भिजलेल्या कांद्याचे नुकसान मोठे असते, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही हा नियम मोडू नये.

कुठे जायचे हेही आधीच ठरलेले असावे, कारण हाती थोडीच मिनिटे असतात. द्राक्षबागेतील लोखंडी अँगल आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या तारा वीज वाहून नेतात, त्यामुळे बागेत थांबणे किंवा तारेला हात लावणे टाळावे. बाजूने उघडी असलेली कांदाचाळ, पत्र्याची शेड आणि बांधावरचे झाड पावसापासून आडोसा देतात, विजेपासून देत नाहीत. पक्के घर किंवा काचा बंद केलेली, धातूच्या टपाची गाडी सुरक्षित असते. उघडा ट्रॅक्टर नव्हे.

उणिवांबद्दलही लिहिले पाहिजे. ॲपला इंटरनेट लागते, त्यामुळे डोंगराळ भागात रेंज नसेल तिथे ते कामाचे राहत नाही. द्राक्षाच्या कामाला पेठ आणि सुरगाणा भागांतून येणाऱ्या अनेक मजुरांकडे साधे फोन असतात आणि उघड्यावर सर्वाधिक वेळ काम करणारी माणसे तीच आहेत, याची मला सतत काळजी वाटते. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतील ॲप आपोआप बंद करतात, म्हणून ती सेटिंग दामिनीपुरती काढून टाकावी आणि सूचनेचा आवाज मोठा ठेवावा. पूर, अतिवृष्टी अशा इतर इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप सोबत ठेवणे योग्य; दामिनी फक्त विजेपुरते आहे आणि त्या कामात अधिक नेमके आहे.

फोन जवळ नसेल तेव्हासाठी प्रत्येकाला एक हिशेब शिकवून ठेवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरावा; ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. ॲप सुरू असतानाही परत रानात कधी जायचे हे आम्ही याच हिशेबाने ठरवतो.

संस्थेने पुढील टप्प्यात साध्या फोनवर आवाजी संदेश पाठवण्याची सोय करावी आणि ग्रामपंचायतींनी तोच इशारा गावातील भोंग्यावरून द्यावा. तोपर्यंत प्रत्येक टोळीत दामिनी असलेला आणि आवाज सुरू ठेवलेला एक तरी फोन असेल, याची जबाबदारी मळ्याच्या मालकाने घ्यावी.