एटीव्हीच्या टायरना स्क्रू मारून काढलेला एक हिवाळा

डिसेंबर 2024 मध्ये एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर, बर्फावर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी) चार टायरना बर्फावर पकड मिळावी म्हणून मिळून 432 स्क्रू मारले होते. एप्रिलमध्ये काढायला बसलो तेव्हा 413 हाती लागले. उरलेले 19 मिल लॅक्स तळ्याच्या तळाशी असतील किंवा शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत. दुसरी शक्यता मी घरात बोलून दाखवलेली नाही.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटात, सेंट क्लाउडला राहतो. इथे तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. मलाही पाच वर्षांपूर्वी तो नाद लागला. गाडी, म्हणजे एटीव्ही, जुनी, 500 सीसीची, 4 बाय 4 (चारही चाकांना जोर देता येतो). 2023-24 चा हिवाळा इथे नावालाच आला. त्या डिसेंबरच्या अखेरीस अप्पर रेड लेक या इथल्या तळ्यावर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभरावर माणसं त्यावर अडकली. त्या वर्षी मी एटीव्ही घेऊन बर्फावर गेलोच नाही. 2024 ला थंडी बरी पडली आणि ठरवलं, यंदा स्क्रू मारायचेच.

बर्फावर भुरभुरीत हिम असेल तर साधे टायरही चालून जातात. अडचण वाऱ्याची आहे. मिल लॅक्स म्हणजे दोनशे चौरस मैलांचं उघडं मैदान. वारा सगळं हिम झाडून नेतो आणि खाली काळा, काचेसारखा बर्फ उरतो. त्यात तापमान शून्याच्या आसपास आलं की वर पाण्याचा पातळ थर येतो. उणे 25 ला बर्फ तेवढा घसरत नाही, त्यामुळे छान ऊन पडलेला दिवसच जास्त दगा देतो.

पहिला प्रयोग फसला, तोही माझ्याच कंजूषपणामुळे. घरात पत्र्याला मारायचे एक इंची स्क्रू पडले होते. ते फक्त मागच्या दोन टायरना मारले, ढकलायचं काम मागची चाकं करतात असा विचार करून. तळ्यावर पहिल्याच वळणाला हँडल डावीकडे आणि गाडी सरळ. मागून जोर मिळतोय आणि पुढे पकड शून्य, म्हणजे बैल पळतोय आणि कासरा तुटलाय. साधं पोलाद मऊ असतं, त्यामुळे दुसऱ्या फेरीपर्यंत स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली. शिवाय एक इंच माझ्या झिजलेल्या टायरना जास्त होता. सकाळी बघतो तर दोन्ही टायर बसलेले. पंक्चरवाल्याची विद्या कामी आली: साबणाचं पाणी स्प्रेने मारायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचं. सात भोकं निघाली.

मग बर्फावरच्या शर्यतींत वापरतात तसले स्क्रू मागवले. त्यांचं डोकं कडक केलेलं, षटकोनी, वर खाच असलेलं. पकड या डोक्याच्या धारेची असते, टोक नुसतं रबरात रुतून बसतं. पाचशेची पिशवी घेतली. लांबी निवडण्याआधी टायरच्या गुटक्याची (नक्षीतल्या रबरी ठोकळ्याची) उंची मोजा. माझे गुटके पाऊण इंच उरले होते, म्हणून पाच अष्टमांश इंचाचे स्क्रू घेतले. टायर ट्यूबलेस आहे, आतल्या कापडापर्यंत टोक गेलं की हवा गेलीच. गुटक्याच्या कडेला रबर कमी असतं, तिथे स्क्रू तिरका जाऊ देऊ नका.

पुढच्या टायरना प्रत्येकी 96, मागच्यांना 120. मधल्या रांगेतले स्क्रू वेग घ्यायला आणि ब्रेकला उपयोगी पडतात, बाहेरच्या कडेचे वळताना गाडी आडवी जाऊ देत नाहीत. गॅरेजमध्ये हीटर लावून रबर आधी ऊबदार करून घेतलं. थंड रबरात स्क्रू शिरताना नको तेवढा जोर लागतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू फिरवणारं यंत्र) वापरू नका, तो क्षणात जास्त फिरतो, रबरातली पकड फाटते आणि स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. साधं ड्रिल, क्लच हलका, वेग कमी. डोकं रबराला टेकून किंचित दाबलं गेलं की थांबायचं. पहिल्या टायरला दीड तास गेला, चौथ्याला चाळीस मिनिटं.

हे चालू असताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते तासगावला असतात. मी टायर दाखवला तर म्हणाले, "म्हंजे गाडीला पत्री मारलीस की रं!" अगदी तेच. कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलाचा पाय डांबरी रस्त्यावर घसरू नये, खूर झिजू नये म्हणून पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. माझ्या बैलाला 432.

फरक किती पडला? ताशी 15 मैलांवरून ब्रेक दाबला की पूर्वी गाडी साधारण तीस पावलं घसरायची. स्क्रू मारल्यावर दहा-अकरा पावलांत उभी. ही मापं मी स्वतः पावलं टाकून घेतली, तेव्हा फार तंतोतंत समजू नका. त्याहून मोठी गोष्ट ही की आता हँडल वळवलं की गाडी वळते. मागे मासेमारीची झोपडी ओढत असतानासुद्धा.

पहिल्या दिवशी गाडी बरोबर हवी तिथे थांबवली, ऐटीत खाली उतरलो आणि सपशेल आडवा झालो. टायरना स्क्रू होते, बुटांना कुठे होते? शेजारचे आजोबा बादलीवर बसून हे बघत होते. त्यांनी आपल्या बुटांना चढवलेले रबरी पट्ट्यांवरचे काटे मला दाखवले, बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी मीही घेतले.

काही ठिकाणी स्क्रू बिनकामाचे. हिमाखाली पाणी साठून लगदा झाला असेल तर गाडी रुततेच, तिथे पकडायला कडक असं काही नसतं. आणि बर्फाची जाडी स्क्रूंनी वाढत नाही. एटीव्हीला मी स्वच्छ, काळा बर्फ निदान 7 इंच असल्याशिवाय नेत नाही. पांढऱ्या, हिममिश्रित बर्फाची ताकद साधारण निम्मी, तिथे दुप्पट जाडी धरतो. थोडं थोडं गेलं की भोक पाडून मोजतो. पकड आली म्हणून मध्ये एकदा वेगात गेलो होतो, आजोबा रागावले. वेगाने बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि ती बर्फ फोडू शकते.

तोटेही आहेत. ट्रेलरच्या प्लायवूडची साल निघाली. गॅरेजच्या फरशीवर कोंबड्यांनी उकरल्यासारखे ओरखडे आले, बायकोने जुनी सतरंजी अंथरायला लावली, ती महिन्यात चिंध्या. डांबरावर गाडी थरथरते आणि दातांवर दात आपटतात. आमच्या घरापासून ट्रेलरपर्यंतचा डांबरी तुकडा जेमतेम दोनशे पावलं, तरी मागच्या स्क्रूंच्या धारा त्यानेच बोथट केल्या. तुमचं डांबरावर जाणं जास्त असेल तर कार्बाइडच्या (फार कडक धातूच्या) टोकाचे स्टड, म्हणजे टायरमध्ये बसवायचे खिळे, घ्या, आजोबांच्या गाडीला तेच आहेत. महाग पडतात, पण लवकर झिजत नाहीत. आणि नुसतं अंगणातलं हिम ढकलायचं असेल तर यातलं काहीच नको, साखळ्या पुरतात.

काढताना ड्रिल उलटं फिरवायचं, एवढंच. हे स्क्रू आतपर्यंत गेले नव्हते, त्यामुळे एकही टायर गळला नाही. पुढच्या वर्षी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला दहा-दहा जास्त मारणार आहे, हिवाळाभर तिथेच कमी वाटत होते. सगळे तेलाचा हात फिरवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "स्क्रू" लिहून ठेवलंय, कारण मागच्या आठवड्यात मुलाने तो जेवणाच्या टेबलावर आणून चमचा मागितला होता.