दुसरी साहित्य-एजंट: इंदूरच्या एका लेखिकेचा अभिप्राय

नव्या एजंटचं, म्हणजे कमिशनवर लेखकाच्या वतीनं प्रकाशकांशी व्यवहार करणारीचं, नाव मी इथे लिहीत नाही. हे वर्तुळ इतकं लहान आहे की एकीचं नाव कळलं की मी सोडलेली दुसरी कोण, हे लगेच ओळखू येईल, आणि मला कुणाशी भांडायचं नाही. कामाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण एक एजंट सोडून दुसरी शोधणाऱ्या मराठी लेखकाला विचारायला कुणी भेटत नाही.

माझी कादंबरी इंदूरमधल्या परदेशीपुऱ्याच्या चाळीतली, हुकुमचंद मिल या कापड गिरणीच्या भोवतीची. वडील त्या मिलच्या हिशेब खात्यात होते. 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 ला. मधल्या बत्तीस वर्षांत वाट बघत जी माणसं म्हातारी झाली, गेली, त्यांची ही गोष्ट. मराठीत ती पुण्याच्या प्रकाशकानं काढली आणि त्यासाठी एजंट लागली नाही. आपल्याकडे हस्तलिखित थेट प्रकाशकाकडेच जातं. एजंट हवी होती ती इंग्रजी अनुवादासाठी.

पहिल्या एजन्सीशी बिनसलं ते नकारांमुळे नव्हे. नकार येतातच. संपादकांना गेलेलं पत्र एकदा माझ्या वाचनात आलं. त्यात माझ्या कादंबरीचं वर्णन 'मुंबईच्या गिरणगावातली कहाणी' असं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं की मराठी गिरणी कामगार म्हटलं की दिल्लीच्या संपादकाला मुंबईच कळते, इंदुरात मराठी माणसं कशी हे समजावत कोण बसणार? ज्या शहरात 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं भरली, जिथे होळकरशाहीपासून आमच्या पिढ्या मराठीत बोलत आल्या, ते शहर माझ्याच पुस्तकातून पुसलं जाणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. करारातली नोटिशीची मुदत पाळून, लेखी कळवून मी बाहेर पडले.

नवी एजंट दिल्लीची, त्यामुळे बोलणं हिंदीत. कादंबरीचं कौतुक करण्याआधी तिनं दोन गोष्टी मागितल्या: जुना करार संपल्याचं पत्र, आणि पुस्तक आजवर कुणाकुणाला, कधी, कोणत्या वर्णनासह पाठवलं त्याची यादी. पत्राशिवाय ती पुढे बोलायलाच तयार नव्हती. दुसऱ्याच्या लेखकाशी मागच्या दारानं व्यवहार करणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मला तिथेच भरवसा वाटला. यादीचं कारणही तिनं समजावलं. ज्या संपादकानं एकदा नाही म्हटलं तो तेच पुस्तक सहसा पुन्हा उघडत नाही, त्यामुळे कुठली दारं बंद झाली आहेत हे माहीत नसेल तर नव्या एजंटचे हात बांधलेले राहतात. जुन्या एजन्सीकडून बऱ्याच पाठपुराव्यानंतर नुसती नावं आली. नवीनं ती दोन भागांत लावली: गिरणगावचं पत्र वाचून नाही म्हणालेले, आणि ज्यांच्याकडून उत्तरच आलं नव्हतं असे.

जुना करार तिनं शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात एक कलम होतं: करार संपल्यावर सहा महिन्यांत त्या यादीतल्या कुणी पुस्तक घेतलं, तर कमिशन जुन्या एजन्सीचं. म्हणून ती मुदत उलटेपर्यंत तिनं कुणालाच पाठवलं नाही, नाहीतर माझ्यावर दुहेरी कमिशनची पाळी आली असती. वेळ गेला, पण हा सबुरीचा निर्णय मला मनापासून आवडला.

मग पुण्याच्या प्रकाशकाचं करारपत्र. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे ते लेखी आणि सहीनिशी, आणि कोणते हक्क दिले ते त्यात नमूद असावं लागतं. माझ्या पत्रात फक्त मराठी आवृत्ती होती. अनुवादाचे हक्क माझ्याकडेच आहेत, हे तिनं प्रकाशकाकडून ईमेलवर कबूल करून घेतलं. आधीच्या एजन्सीनं हे पत्र कधी मागितलंच नव्हतं.

पैशांचं सांगते. हस्तलिखित वाचायचे पैसे ती घेत नाही. जी एजंट असे पैसे मागते तिच्यापासून लांब राहावं, हे माझं ठाम मत आहे. देशातल्या व्यवहारावर 15 टक्के, परदेशातल्यावर 20, आणि कमिशनवर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे लाखाची उचल मिळाली तर तिचे 15 हजार, वर 2,700 कर. प्रकाशकानं माझा हिस्सा थेट माझ्या खात्यात आणि तिचा तिच्या खात्यात भरायचा, हे तिनं स्वतःहून करारात घातलं. एजंट बदलायची वेळ आलेल्यालाच याचं मोल कळेल.

आंतरराष्ट्रीय बुकर 2022 मध्ये हिंदीला आणि 2025 मध्ये कन्नडला मिळाल्यापासून भारतीय भाषांतल्या अनुवादांची विचारपूस वाढली आहे, पण त्यावर विसंबू नका, असं ती म्हणाली. त्या पुरस्काराचे 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे वाटले जातात. तिनंही आधी अनुवादकाशी लेखी करार करायला लावला, मगच नमुना प्रकरणं पुढे नेली. संपादकांसाठीच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आला. इंदूर आणि परदेशीपुरा दुसऱ्याच ओळीत होते. मराठी माणसं माळव्यात कशी आली यावर मी पानभर लिहिलं होतं, त्याच्या तिनं तीन ओळी केल्या. अहिल्याबाई काढल्या, कारण कादंबरीत त्या नाहीत. पटलं.

उणिवा आहेत. करार फक्त इंग्रजीत, मराठी किंवा हिंदी मसुदा नाही. माझ्या भाचीनं ओळ न्‌ ओळ समजावला. ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याच्या दिवसांत तिच्याकडून उत्तर येत नाही. पुस्तक अजून विकलं गेलेलं नाही. नव्या पत्रावर काही संपादकांनी पूर्ण अनुवाद मागवला आहे, इतकंच. आणि हिंदी अनुवादाचं काम ती करत नाही, तिथे कमिशन फार थोडं सुटतं म्हणून. माझ्या दृष्टीनं ही मोठी उणीव, कारण त्या चाळीतले बहुतेक शेजारी हिंदी वाचणारे. पण हिंदीचे हक्क तिनं करारातून बाहेर ठेवले, अडवून धरले नाहीत. त्यासाठी आता मीच एका हिंदी प्रकाशकाशी बोलते आहे.